घाटावरचा एक दिवस : वाईच्या सहलीचा पाठ

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले की शाळाशाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. परवानगीचे अर्ज माझ्या मेजावर येऊ लागतात, आणि त्यांना जोडलेली स्थळांची यादी वाचताना मला दरवर्षी तीच काळजी वाटते. पहाटे चार वाजता प्रस्थान. वाई, मेणवली, पाचगणी, महाबळेश्वर, प्रतापगड. रात्री अकरा वाजता आगमन. एका दिवसात पाच स्थळे! दुसऱ्या दिवशी मी अशा एखाद्या शाळेत गेलो आणि मुलांना काय पाहिले म्हणून विचारले, तर एखादा चुणचुणीत मुलगा उठून सांगतो, “गुरुजी, घाटात चौघांना गाडी लागली.” तो खोटे बोलत नसतो. सहलीचा बहुतेक वेळ त्याने गाडीतच घालविलेला असतो आणि जे पाहिले ते तो प्रामाणिकपणे सांगतो.

यास्तव यंदा शिक्षक बंधुभगिनींना माझी सूचना अशी आहे, की सहलीसाठी एकच गाव निवडावे, आणि त्या गावातही एकाच घाटावर निदान दोन तास बसावे. गाव म्हणून मी वाईचे नाव सुचवितो. वाई हे कृष्णाकाठचे लहानसे जुने गाव. २०११ सालच्या जनगणनेत त्याची वस्ती सुमारे छत्तीस हजार होती. लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. नदी, घाट, देवळे, वाडे आणि विद्येची परंपरा या साऱ्या गोष्टी तेथे पायी फिरण्याच्या अंतरात आहेत. इतिहास, भूगोल, गणित, विज्ञान व नागरिकशास्त्र हे सर्व विषय एका पायरीवर बसून शिकविता येतील अशी दुसरी जागा आपल्या जिल्ह्यात मला तरी ठाऊक नाही.

पूर्वतयारी

सहलीचा पाठ निघण्याच्या दिवशी सुरू होत नाही. तो आठवडाभर अगोदर शाळेतच सुरू व्हावयास हवा. माझी नोकरीची बरीच वर्षे माण-खटाव भागात गेली. तेथील मुलांना भरलेली नदी ही चित्रातली वस्तू असते. अशा मुलांना एकदम कृष्णेच्या काठी नेऊन उभे केले, तर ती पाण्याकडे पाहत राहतात, पण त्या पाण्याशी आपला काही संबंध आहे असे त्यांना वाटत नाही. म्हणून प्रथम आपल्या गावच्या ओढ्यापासून आरंभ करावा. पावसात या ओढ्याचे पाणी कोठे जाते? माण तालुक्यातील मुलांनी नकाशावर बोट ठेवून माणगंगेचा माग काढावा. माणगंगा भीमेस मिळते, आणि भीमा पुढे रायचूरच्या बाजूस कृष्णेस मिळते. जुन्या महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईवरून, साताऱ्यापलीकडून, कऱ्हाड-सांगलीवरून कर्नाटकात जाते व तेलंगण आणि आंध्र प्रदेशातून सुमारे १,४०० किलोमीटर प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. तेव्हा आपल्या कोरड्या ओढ्यास वर्षातून चार दिवस पाणी आले, तरी ते शेवटी याच कृष्णेचे होते, हे मुलांना नकाशावर आपल्या बोटाने सापडले पाहिजे. आपण सांगू नये. सापडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते पाहण्यासारखे असते.

दुसरी तयारी एका प्रयोगाची. शाळेच्या अंगणात हातभर रुंदीचा, किंचित उताराचा मातीचा पाट करावा. त्यात एके ठिकाणी विटेचा तुकडा रुंद बाजू पाण्याच्या येण्याकडे करून बसवावा. दुसऱ्या ठिकाणी तेवढाच मातीचा गोळा माशाच्या आकाराचा, पुढे निमुळता करून ठेवावा. मग वरून दोन बादल्या पाणी एकदम सोडावे. पाणी विटेवर आदळून उसळते, बाजूची माती उकरते आणि पुष्कळदा वीटच हलविते. निमुळत्या गोळ्यापाशी तेच पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते. मुलांना एवढेच दाखवावे व कारण विचारून ठेवावे. वाईस गेल्यावर याची गरज पडणार आहे, हे मात्र आधी सांगू नये.

परवानगी, पालकांची संमतिपत्रे, प्रथमोपचाराची पेटी, एस.टी.ची शालेय सहलीसाठी असलेली सवलत, या गोष्टी सर्वांना माहीत आहेत. त्यांची पुनरुक्ती करीत नाही. फक्त दोन सूचना. दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे, आणि मुली असतील तर शिक्षिका किंवा एखाद्या माताभगिनीस सोबत घेतल्याशिवाय निघू नये. शिक्षक कमी असल्यास शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना बरोबर न्यावे. त्यांनाही गाव पाहावयाचे असतेच.

घाटावर

वाईस सकाळी नऊच्या सुमारास पोहोचावे. गाडीतून उतरताच मुलांची धाव पाण्याकडे असते, म्हणून पाण्याविषयीचे नियम गाडीतच सांगावेत. वाईच्या वरच्या अंगास कृष्णेवर धोमचे धरण आहे. त्यामुळे घाटावरील पाण्याची पातळी केवळ पावसावर अवलंबून नसते. वरून पाणी सोडल्यास ती वाढू शकते. घाटावर धुणे धुणाऱ्या बायांना किंवा जवळच्या दुकानदारास आज पाणी सुटणार आहे काय, हे विचारल्यावाचून खाली उतरू नये. पाण्यालगतच्या पायऱ्यांवर शेवाळ असते. पाण्यापासून वर चौथ्या पायरीवर सुतळी धरून दोन शिक्षकांनी उभे राहावे आणि सुतळीखाली कोणत्याही मुलाने जाऊ नये. स्नान करू देऊ नये. बरोबर आलेली वडीलधारी माणसे ‘तीर्थावर येऊन कोरडे कसे जायचे’ असे म्हणतात. त्यांना नम्रपणे नकार द्यावा. तांब्याभर पाणी शिक्षकाने वर आणून मुलांच्या हातावर घातले म्हणजे तीर्थाचाही मान राहतो.

यानंतर मुलांना पायऱ्यांवर बसवावे आणि दहा मिनिटे काहीही सांगू नये. शिक्षकास ही दहा मिनिटे फार जड जातात, हे मी अनुभवाने सांगतो. आपल्याला बोलण्याची सवय असते. पण या दहा मिनिटांत मुले जे पाहतात ते आपण तासभर सांगूनही त्यांना दिसले नसते. पाण्यात अर्धवट बुडालेली लहान देवळे, दगडात बसविलेल्या लोखंडी कड्या, पायरीच्या झिजलेल्या कडा, कपडे आपटून गुळगुळीत झालेला दगड, पलीकडच्या काठावरचे झाड. दहा मिनिटांनंतर प्रत्येकाने एकच गोष्ट सांगावी, पण ती आधी कोणी सांगितलेली नसावी. चाळीस मुलांच्या वर्गात शेवटच्या दहांना अधिक बारकाईने पाहावे लागते, आणि तीच या पाठातील खरी कमाई.

मग गणित. पाण्यापासून देवळाच्या जोत्यापर्यंत पायऱ्या मोजाव्यात. सुतळीखालच्या पायऱ्या वरूनच नजरेने मोजाव्यात व उरलेल्या पायांनी. एका पायरीची उंची पट्टीने मोजून एकूण उंची काढावी. पुराचे पाणी कोठवर चढते, हे तेथील एखाद्या वृद्धास विचारून त्या जागेपर्यंतची उंचीही काढावी. आता प्रवाहाचा वेग. काठाने दहा मीटर अंतर सुतळीने मोजून दोन्ही टोकांस दोन मुले उभी करावीत. शिक्षकाने प्रवाहात एक पान सोडावे आणि ते दुसऱ्या टोकास जाईपर्यंत मुलांनी घड्याळात सेकंद मोजावेत. समजा, चाळीस सेकंद लागले. म्हणजे सेकंदास पाव मीटर, तासास ९०० मीटर, दिवसास साडेएकवीस किलोमीटरहून थोडे अधिक. याच वेगाने आणि मध्ये कोणतेही धरण न अडविता पान गेले, तर १,४०० किलोमीटरचा प्रवास करून समुद्रास मिळावयास त्याला सुमारे पासष्ट दिवस लागतील. हे उदाहरण फळ्यावर घातले असते तर मुलांनी निमूट सोडविले असते, घाटावर घातले म्हणजे ती विचारतात, “गुरुजी, मग ते पान वाटेत कुजणार नाही का?” अशा प्रश्नासाठीच एवढ्या लांब यावयाचे.

पायऱ्यांचा दगड काळा आहे. तो आपल्या गावच्या विहिरीच्या दगडासारखाच आहे, हे मुले ओळखतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून हा काळा पाषाण तयार झाला. वर मान करून पांडवगडाकडे व भोवतीच्या डोंगरांकडे पाहिले, तर सपाट माथे आणि पायऱ्यापायऱ्यांचे कडे दिसतात. ते त्याच थरांचे. डोंगर आणि घाट एकाच दगडाचे आहेत एवढे सांगून पुढे जावे.

ढोल्या गणपतीची भिंत

गणपती आळीच्या घाटावरील महागणपतीचे देऊळ लोक ढोल्या गणपती या नावाने ओळखतात. एकसंध पाषाणातील ही भव्य मूर्ती पाहून मुले आनंदून जातात. दर्शन झाल्यावर त्यांना देवळाच्या मागच्या बाजूस न्यावे. बहुतेक सहली येथपर्यंत येतच नाहीत. देवळाची मागची भिंत सरळ नाही. ती माशाच्या आकारासारखी निमुळती बांधलेली आहे. नदीच्या पात्राला लागून बांधलेल्या या देवळावर दर पावसाळ्यात पुराचा लोंढा येणार, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते. लोंढा सपाट भिंतीवर आदळला तर भिंत फार दिवस टिकणार नाही. तो दुभंगला पाहिजे. येथे शिक्षकाने काहीही समजावू नये. फक्त शाळेच्या अंगणातील पाटाची आठवण द्यावी आणि थांबावे. गेल्या काही वर्षांत मी तीन शाळांबरोबर या भिंतीपाशी उभा राहिलो आहे. तिन्ही वेळा पहिले उत्तर वर्गात मागे राहणाऱ्या मुलाकडून आले. कारण पाटात पाणी ओतण्याचे काम त्याच्याकडे होते.

हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविले. जवळचे काशीविश्वेश्वराचे देऊळ आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ साली बांधविले. ‘रास्ते’ हे नाव मुलांना परके वाटते, पण थोरले माधवराव पेशवे त्यांना इतिहासातून माहीत असतात. माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई या वाईच्या रास्त्यांच्या कन्या. म्हणजे हे देऊळ बांधविणारे माधवरावांचे मामा झाले. मामाचे गाव म्हटले की मुलांना वाई एकदम जवळची वाटू लागते.

येथे वहीत एक काळरेषा काढवून घ्यावी. १७५७, काशीविश्वेश्वर. १७६१ जानेवारी, पानिपत. त्यात गोपिकाबाईंचा ज्येष्ठ पुत्र विश्वासराव पडला. त्याच वर्षी जून महिन्यात नानासाहेब पेशव्यांचा मृत्यू. १७६२, महागणपती. मुले या रेषेकडे पाहून स्वतःच काही म्हणतील. तथापि शिक्षकाने त्यावर गोष्ट रचून सांगू नये. इतिहासात दोन तारखा शेजारी असणे वेगळे आणि एकीमुळे दुसरी घडणे वेगळे, हा फरक प्राथमिक शाळेतच कळला तर पुढच्या पुष्कळ चुका टळतात.

एक प्रश्न

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतो.

नोकरीस लागून मला दोन-तीन वर्षे झाली असतील. चौथीचा वर्ग घेऊन मी याच घाटावर आलो होतो. मी पुष्कळ वाचून, टिपणे काढून गेलो होतो व अखंड बोलत होतो. वाईत आळीआळीचे घाट आहेत, हे मी मुलांना सांगितले. गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी अशी नावे त्यांच्याकडून म्हणवून घेतली. त्या त्या घाटावर होणाऱ्या कृष्णाबाईच्या उत्सवाविषयी सांगितले. नावे म्हणून झाल्यावर शेवटच्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, मग आमची माणसं कोणत्या घाटावर यायची?”

मला प्रश्न कळला होता. वर्गातील पुष्कळ मुलांनाही कळला होता, कारण एकदम शांतता झाली. मी घड्याळात पाहिले आणि म्हणालो, “चला, उशीर होतो आहे, रांग करा.” ती मुलगी रांगेत जाऊन उभी राहिली. दिवसभर तिने पुन्हा काही विचारले नाही. पुढच्या वर्षी ती पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत गेली.

त्या दिवशी मजजवळ उत्तर नव्हते असे नाही. मला भीती वाटली. घाटावर भाविक होते, पुजारी होते, बरोबर आलेले पालक होते. कोणास काय वाटेल, हा विचार मनात आला. आज मी अधिकारी म्हणून शिक्षकांचे पाठ तपासतो, आणि एखादा शिक्षक मुलाचा प्रश्न टाळताना दिसला की मला तो घाट आठवतो.

हा प्रश्न तुमच्या वर्गातही येईल. आला नाही तर शिक्षकाने आपण होऊन विषय काढावा. उत्तर साधे आणि खरे असावे. आपल्या देशात शतकानुशतके पाण्याच्या सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या नव्हत्या. विहीर, तळे, घाट यांवर कोणी उतरावे हे जातीवरून ठरत असे, आणि ज्यांना अस्पृश्य मानले गेले त्यांना तेथे मज्जाव होता. हे चूक होते. ‘पूर्वी अशी पद्धत होती’ एवढ्यावर थांबू नये. ‘चूक होते’ हे शब्द मुलांनी शिक्षकाच्या तोंडून ऐकले पाहिजेत.

मग हे कसे बदलले, तेही सांगावे. त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. ७ नोव्हेंबर हा दिवस आपण शाळांतून विद्यार्थी दिन म्हणून पाळतो, कारण १९०० साली त्या दिवशी भीमराव आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला. पुढल्याच वर्षी, १९०१ साली, वडिलांना भेटण्यासाठी ते भावंडांसह आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले आणि बैलगाडीने खटाव तालुक्यातील गोरेगावाकडे निघाले. जवळ अन्न होते. पण त्यांची जात कळल्यामुळे वाटेत त्यांना प्यावयास पाणी मिळाले नाही, आणि रात्र तशीच काढावी लागली. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यांचे वडील गोरेगावास कशावर नोकरीस होते? दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून चाललेल्या तलावाच्या खोदकामावर. खटावच्या मुलांना यातील प्रत्येक शब्द कळतो: दुष्काळ, तलाव, तहान, बैलगाडीची वाट.

१९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. ठराव कागदावर राहिला, तेव्हा २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. आणि २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही कोठे मज्जाव करता येणार नाही याची जी यादी आहे, तीत विहिरी व तलाव यांच्या जोडीला स्नानाचे घाटही नावानिशी घातलेले आहेत. राज्यघटनेसारख्या ग्रंथात ‘घाट’ हा शब्द का यावा? हा प्रश्न मुलांना पायरीवर बसवून विचारावा. वर्गात नागरिकशास्त्राचे पुस्तक उघडून हा अनुच्छेद शिकविणे आणि घाटाच्या दगडावर हात ठेवून शिकविणे यांत फार अंतर आहे. संविधानाची प्रत बरोबर न्यावी व ते वाक्य वर्गातील एखाद्या मुलीकडून मोठ्याने वाचवून घ्यावे.

भाविकांना राग येईल काय? मी ज्या तीन शाळांचा वर उल्लेख केला त्यांतील दोन शाळांनी हा पाठ घाटावर घेतला. एकदा एक वृद्ध गृहस्थ शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले आणि जाताना मुलांना फुटाणे देऊन गेले. दुसऱ्या वेळी कोणी लक्षही दिले नाही. ज्या भीतीने मी तो प्रश्न टाळला होता ती निराधार होती असे मी म्हणत नाही; परंतु मी मानली होती तेवढी ती मोठी नव्हती.

विश्वकोशाचे गाव

याच प्रश्नाचा धागा धरून मुलांना वाईची दुसरी बाजू दाखविता येते. वाईचे शास्त्री म्हणजे केवळ जुने धरून बसणारे, अशी समजूत कोणाची असेल तर ती दुरुस्त करावी. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढे संन्यास घेतल्यावरचे केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. धर्मशास्त्राचा आधार देऊन अस्पृश्यतेस विरोध करणाऱ्यांत ते होते. १९३३ साली महात्मा गांधींचे चिरंजीव देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह पुण्यास झाला, त्याचे पौरोहित्य तर्कतीर्थांनी केले.

तर्कतीर्थांच्याच नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईत सुरू झाले. पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. पुढे खंडांची संख्या वीस झाली. आता हा कोश संगणकावर व मोबाइलवरही वाचता येतो. विश्वकोशाच्या कार्यालयास भेट द्यावयाची असल्यास आधी पत्र पाठवावे. भेट न झाली तरी चालेल. मात्र सहलीपूर्वी प्रत्येक मुलाने एक नोंद विश्वकोशातून वाचून यावी, म्हणजे हा ग्रंथ कृष्णाकाठच्या या गावी बसून लिहिला गेला याचे त्याला काही वाटेल.

मेणवली

दुपारची शिदोरी सोडण्यास मेणवली उत्तम. वाईपासून ती सुमारे तीन किलोमीटर आहे. थंडीच्या दिवसांत पाचवीपुढील मुले ते अंतर सहज चालतात. नाना फडणविसांचा सहाचौकी वाडा, त्यातील भित्तिचित्रे आणि मागचा अर्धचंद्राकृती घाट ही येथील पाहण्याची ठिकाणे. वाडा खाजगी मालकीचा आहे, तेव्हा परवानगी घेऊन, चपला नीट रांगेत काढून आत जावे आणि भिंतींस हात लावू देऊ नये. बाहेर हल्ली कोणीही भेटला तरी २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटाचे चित्रण येथे झाल्याचे प्रथम सांगतो. सांगू द्यावे. मुलांनी तो पाहिला असेल तर तेही त्यांचे या गावाशी नातेच आहे.

नाना फडणविसांच्या कागदपत्रांचा जो मोठा संग्रह मेणवली दप्तर म्हणून अभ्यासकांना परिचित आहे, तो या वाड्यातील. शाळेच्या परिसरात मोडी जाणणारे कोणी असल्यास दोन ओळी लिहून घेऊन मुलांना दाखवाव्यात.

घाटावर मेणेश्वराच्या देवळाशेजारी लहानशा मंडपात एक मोठी घंटा टांगलेली आहे. मुले तिच्याखाली जमतात, आणि वाजविता येईल काय एवढेच त्यांना हवे असते. आधी तिच्याकडे पाहावयास लावावे. तिच्यावर एक स्त्री आणि तिच्या कडेवर मूल कोरलेले आहे. ही कोण, असे विचारल्यावर मुले देवकी, यशोदा, जिजाबाई अशी नावे घेतात. ती मेरी आहे, आणि मूल येशू. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ही घंटा. समुद्रकाठच्या चर्चमध्ये प्रार्थनेसाठी वाजणारी घंटा डोंगर चढून कृष्णाकाठच्या शिवालयाशेजारी आली. मुलांनी नकाशावर वसई ते मेणवली रेघ काढावी, आणि एवढे वजन त्या काळी सह्याद्रीवर कसे चढविले असेल याचा तर्क प्रत्येकाने आपल्या मनाने करावा. बैल, हत्ती, ओंडके, दोर सारे निघते. चित्रकलेचा तासही येथेच घ्यावा. गेल्या वर्षी एका मुलाने घंटेचे चित्र काढून खाली लिहिले होते की, हिचा आवाज दोन्ही देवांना ऐकू येतो. मी ते चित्र त्याच्या शिक्षकांकडून मागून घेतले व माझ्या कचेरीत लावले आहे.

वेळ उरल्यास मेणवलीहून धोमच्या नृसिंहाकडे जाता येते. उरला नाही तर जाऊ नये. परतीच्या वाटेवर वाईतून पसरणीचा घाट दिसतो. त्याच्या पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे जन्मगाव, एवढे बोट दाखवून सांगावे. एखादे गाणे मुले आपण होऊन सुरू करतात आणि पुढचा तासभर शिक्षकास विसावा मिळतो.

शाळेत परतल्यावर

‘आमची सहल’ या विषयावर निबंध लिहवून घेण्याची प्रथा आहे. तो निबंध ‘आम्ही पहाटे उठलो’ येथून सुरू होतो आणि ‘आम्ही दमून झोपलो’ येथे संपतो. त्याऐवजी प्रत्येक मुलाने घाटावर जी एकच गोष्ट सांगितली होती तिच्यावर दहा ओळी लिहाव्यात. पायऱ्यांची मोजमापे, पानाचा वेग, काळरेषा व घंटेचे चित्र हे सर्व एका वहीत शिवून शाळेच्या संग्रही ठेवावे. पुढल्या वर्षीच्या मुलांनी तीच वही घेऊन त्याच घाटावर जावे व मोजमापे पुन्हा घ्यावीत. पाणी किती पायऱ्या वरखाली झाले हे आपोआप कळेल.

गाडी हलण्यापूर्वी पट घ्यावा. एकदा वाईत, एकदा मेणवलीस, आणि एकदा शेवटी. मुलांनी एकमेकांची हजेरी देऊ नये. प्रत्येकाचा चेहरा शिक्षकाने स्वतः पाहावा.

यंदाच्या सहलींचे अर्ज निघण्याच्या तारखेपूर्वी निदान पंधरा दिवस केंद्रप्रमुखांमार्फत यावेत. अर्जातील स्थळांच्या रकान्यात एकच नाव असल्यास त्याचे कारण विचारले जाणार नाही.